तिसरी पंगत

रबाळ्याची कंपनी बंद झाली तेव्हा
मी फिटर होतो.
केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक
बोटाला कळायची.
कणकेला पाणी किती, ते मात्र अजून कळत नाही.
कालिंदी म्हणते, कानाच्या पाळीएवढी मऊ हवी.
म्हणून रोज संध्याकाळी मी एका हातानं कणीक दाबतो
आणि दुसऱ्यानं स्वतःचा कान.

घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्याकडे रात्रीच्या तीन पंगती उठतात.

पहिली पावणेआठला. अन्वी आणि सासूबाई.
एक सहा वर्षांची, एक शहाऐंशीची.
दोघींनाही तिखट चालत नाही,
दोघींनाही भात कालवून लागतो,
ही भाजी कसली, असं दोघी विचारतात
आणि दुधीबद्दल मी दोघींशी खोटं बोलतो.

दुसरी साडेनऊला.
कालिंदी पतपेढीतून येते,
खांद्यावरची पर्स न काढताच कढईवरचं झाकण उचलते
आणि काही बोलत नाही.
त्या न बोलण्याचे प्रकार मला आता ओळखू येतात.
एक मिठाचा. एक गूळ विसरल्याचा.
एक नुसताच, दुखऱ्या टाचांचा.
पुष्कराज कानात ते बोंडुक घालून जेवतो,
कुठल्याशा साहेबाला हो हो म्हणत.
परवा मी विचारलं, आमटी वाढू?
म्हणाला, नोटेड.
वाढली.

बुधवारी बोंबील.
पहिल्या वेळी मी ते इतके साफ केले
की काटा उरला नाही, आणि मासाही.
गावातली चांगुणाबाई हसून हसून पाटीवर वाकली.
"दादा, बोंबील हाय तो, लोखंड नाय.
त्याला हात लावायचा तो इचारून."
तेव्हापासून विचारून लावतो.

तिसरी पंगत एकट्या हर्षालीची.
तिची ड्युटी नेरूळच्या हॉस्पिटलात, दोन ते दहा.
दहाचे अकरा होतात, अकराचे पावणेबारा.
तिच्या पोळ्या फडक्यात, भाजी वाटीत,
वाटीवर बशी, बशीवर लिंबाची फोड.
कांदा आधी चिरत नाही.
चिरून ठेवलेला कांदा रात्री रागावतो.

काल सव्वाबारा झाले.
ती आली, कोपरापर्यंत हात धुतले,
ओट्याशी स्टुलावर बसली.
पहिला घास घेऊन थांबली.
"बाबा, तुम्ही कधी जेवलात?"

मी सांगायला तोंड उघडलं
आणि आठवेना.
आमटी चाखली होती, दोनदा.
अन्वीच्या ताटात उरलेला भात, तो खाल्ला.
करपलेल्या पोळीचा कड तोंडात टाकला होता
तव्यासमोर उभा असतानाच.
त्याला जेवण म्हणायचं का?

बत्तीस वर्षं कँटीनची घंटा झाली
की मी ताट घेऊन रांगेत असायचो, पहिल्या दहांत.
घरी आलो की पाट मांडलेला,
वाढलेलं, वाफाळतं,
आणि वरून म्हणायचो, आज जरा अळणी आहे.

मग कालिंदी?
ती कधी जेवायची?
मी डोकं खाजवून ते सगळं स्वयंपाकघर आठवलं,
कळव्याच्या चाळीतलं, नंतरचं ऐरोलीचं,
स्टोव्ह आठवला, पिंप आठवलं,
फडताळाच्या दाराची सैल झालेली बिजागरी,
जी मीच बसवली होती,
ती तिथे उभी असलेली आठवली, वाढताना,
पुसताना, डब्यात तांदूळ मोजताना.
जेवताना आठवेना.

उठवून विचारावं म्हणून आतल्या खोलीकडे वळलो.
"झोपू द्या त्यांना," हर्षाली म्हणाली,
"पाचला उठायचंय."
आणि फडक्यातली दुसरी पोळी
बशीत घालून माझ्याकडे सरकवली,
अर्धं लिंबू त्यावर.

मी बसलो.
बसूनच खाल्ली.
वातड होती जरा,
पाणी कमी पडलं होतं.